लेक शिकायला बाहेर, तिचं मत कुठं?



मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर मी विचारलं, "कुणाकुणाच्या घरची पोरं अठराच्या पुढं गेली?" नऊ हात वर झाले. "त्यांची नावं मतदार यादीत आहेत का?" तीनच हात राहिले. एक मावशी म्हणाल्या, "पोरगी शिकाले गेली बाई. तिचं नाव कायले टाकाचं? येण्याजाण्यातच पैसे जातेत."

मावशींचं खोटं नाही. पण नाव नसलं की काय जातं, तेही बघू.

मतदानाचं वय आधी २१ होतं. १९८९ साली घटनादुरुस्ती होऊन ते १८ झालं. म्हणजे कॉलेजातल्या पोरापोरींसाठीच हा हक्क आला. आणि तो फक्त आमदार-खासदार निवडण्यापुरता नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. पेसा गावात ग्रामसभेचा सदस्य कोण? ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तो. तेंदूपत्ता, बांबू, मोहफुलाचा निर्णय तिथं होतो. शिवाय २१ वर्षं पूर्ण झाली की पोरगी ग्रामपंचायतीला उभी राहू शकते, निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. पण गावच्या यादीत नाव नसेल तर तिला उभंच राहता येत नाही.

नाव कुठं टाकायचं, गावात की होस्टेलच्या ठिकाणी?

दोन्हीपैकी कुठंही चालतं. किमान एक वर्षाचा मान्यताप्राप्त कोर्स असेल, तर होस्टेलवर राहणारा विद्यार्थी कॉलेज प्रमुखांचा दाखला जोडून तिथं नाव नोंदवू शकतो. नाहीतर नाव घरच्या पत्त्यावर ठेवायचं. पण दोन्हीकडं ठेवायचं नाही. तो गुन्हा आहे, खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

ठरवायचं पोरीनंच. आपण फक्त दोन्ही बाजू सांगायच्या. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. एका दिवसाच्या सुट्टीत जाणं-येणं अवघड, म्हणून तिकडं नाव टाकणं सोयीचं. पण मग गावच्या यादीतून नाव जातं, ग्रामसभेतला हक्कही जातो. विद्यार्थ्यांना टपालानं मत देता येत नाही. नाव असेल तिथं जावंच लागतं.

कोणता फॉर्म?

पहिल्यांदा नाव टाकायला फॉर्म ६. पत्ता बदलायला, नावातली चूक दुरुस्त करायला किंवा कार्ड हरवलं तर फॉर्म ८. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीलाही फॉर्म ८ च लागतो, फॉर्म ६ पुन्हा भरू नका.

वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र किंवा आधार चालतं. पत्त्यासाठी वीजबिल किंवा बँकेचं पासबुक. पोरीच्या नावाचं नसेल तर आईबापाच्या नावाचं जोडता येतं. फॉर्म गावच्या बीएलओकडं द्या. बऱ्याच गावांत अंगणवाडी ताई किंवा गुरुजीच बीएलओ असतात. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवरूनही भरता येतो.

पोरगी सतराची झाली की आधीच अर्ज देता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला तिचे अठरा पूर्ण झालेले असतील, त्या वेळी नाव घेतलं जातं. पूर्वी फक्त १ जानेवारी होती, वर्षभर थांबावं लागायचं.

माझीच चूक सांगते

मी नागपूरला समाजकार्य शिकत होते. २०१९ च्या लोकसभेला, ११ एप्रिलला, रात्रभर बसनं प्रवास करून गावी आले. केंद्रावर यादीत नावच नाही! मोबाइलवर फॉर्म भरला होता, पण फोटो चढलाच नव्हता. अर्ज अर्धवट राहिला आणि मी नंबरही लिहून ठेवला नव्हता. आई मत देऊन आली, मी बाहेर झाडाखाली बसून राहिले. म्हणून सांगते, अर्जाचा नंबर वहीत लिहा आणि महिन्याभरानं यादीत नाव बघा. १९५० वर फोन करूनही विचारता येतं. कार्ड हातात असलं पण यादीत नाव नसलं, तर मत देता येत नाही.

निवडणूक लागल्यावर धावपळ करू नका. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की नवं नाव घेत नाहीत, आणि चौकशीलाही आधी दिवस लागतात.

मतदानाच्या दिवशी

कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं पासबुक चालतं. कॉलेजचं ओळखपत्र २०२४ च्या यादीत नव्हतं, हे पोरांना आठवणीनं सांगा. वेळही बघा. २०२४ मध्ये आरमोरी, गडचिरोली, अहेरीत मतदान दुपारी ३ लाच संपलं होतं. संध्याकाळच्या बसनं येणाऱ्याची फेरी वाया गेली असती. पोरींना एसटीत अर्धं तिकीट आहे. पोरांना पूर्ण पडतं, त्याची सोय घरात आधी करा.

आपल्या गटानं काय करायचं?

पुढच्या बैठकीत वहीचं एक पान काढा. प्रत्येक घरातली सतराच्या पुढची पोरं, यादीत नाव आहे की नाही, आणि कुठं हवं, एवढंच लिहा. ग्रामसंघाच्या बैठकीत बीएलओ ताईंना बोलवा. दिवाळीला पोरं घरी येतात, तेव्हा फॉर्म भरून घ्या.

एक मात्र पाळा. मत कुणाला द्यायचं, ते गटात बोलायचं नाही आणि पोरांना विचारायचंही नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

त्या मावशींच्या लेकीनं परवा फोन केला. तिनं गावातच नाव ठेवायचं ठरवलंय. म्हणाली, "ताई, तेंदूच्या ग्रामसभेत मले बसाचं आहे."