याला काय हवंय?

काल एकमेकांच्या चेहऱ्यावर व्हॅसलीन थापून, प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसवून काढलेले मुखवटे खिडकीत कडक वाळलेत. पुण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात नाट्योपचाराचं शिबिर चालू आहे. पत्रकावर ‘आध्यात्मिक उन्नती’ असं छापलंय, त्यामुळे मी जरा सावधच बसलेय.

नियम दोनच. मुखवटा पाठमोरं होऊन चढवायचा, आणि चढवल्यावर त्याला हात लावायचा नाही. पॅरिसमध्ये नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी नटांना मुखवटे दिले ते चेहरा गप्प करून अंगाला बोलतं करायला. इथं नट कुणीच नाही.

पन्नाशीच्या एक परिचारिका उठतात. त्यांच्या मुखवट्याला तोंडच नाही. ओठांच्या जागी लाल सपाट पट्टा. नाडी बांधून वळतात तसे खांदे वर चढतात, पावलं आखडतात. हात काहीतरी पुसत राहतात, पुसतच राहतात. शिबिर घेणाऱ्या ताई “तुम्हाला काय होतंय?” असं विचारत नाहीत. विचारतात, “याला काय हवंय?” हात थांबतात.

रॉबर्ट लँडी यांनी नाट्योपचारात ज्या अंतरावर भर दिला, ते हेच: भावनेत बुडायचं नाही, तिच्यापासून पळायचंही नाही. दुःख ‘याचं’ म्हटलं की बाईंना त्याच्याकडे बघता येतं.

“आमच्याकडं मुखवट्यांचा बोहाडा असतो, त्यात सोंग घेण्याआधी पूजा होते,” मोखाड्याकडचे एक शिक्षक माझ्या कानाशी पुटपुटतात. “इथं तसलं काही नाय.”

मुखवटा आता खुर्चीवर आहे. परिचारिका समोर बसून त्याच्याशी बोलतात, मग खुर्चीमागे उभ्या राहून त्याच्या वतीनं उत्तर देतात. “मला रजा पाहिजे,” मुखवटा म्हणतो. कुणीतरी हसतं. त्याही हसतात, आणि रडायला लागतात.

ताई रडू देतात, पण तिथंच सोडत नाहीत. “तुमचं नाव सांगा. सकाळी काय खाल्लंत? घरी कशा जाणार?” सोंग अंगावरून उतरवायची ही पायरी गाळली तर माणूस त्यातच अडकून घरी जायचा. मुखवटे चढवायला लावणारे पुष्कळ भेटतात. या शिबिराला मी गुण देईन ते या रुक्ष प्रश्नांसाठी.

“पोहे,” बाई नाक पुसत सांगतात. “मीठ कमी होतं.”

पुढची पाळी शिक्षकांची. ते चपला काढून बाजूला ठेवतात. “ताई, आधी नमस्कार केला तर चालेल ना?”

“करा की.”