स्वस्त सायकल : फायदे व तोटे

सायकल हे गरिबाचे वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही. आमची ताई आठवीत आहे. तिचे हायस्कूल ४ किलोमीटरवर आहे. चालत १ तास लागतो, सायकलने २० मिनिटे. म्हणून बाबांनी बाजारातून सर्वांत स्वस्त सायकल आणली. आता एसटी चुकली तरी ताईची शाळा बुडत नाही.

पण स्वस्त सायकलीचे तोटेही असतात. तिची रिम बहुधा लोखंडी असते. पावसात रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते आणि सायकल लवकर थांबत नाही. उताराला तर लई भीती वाटते. नट ढिले होतात. चेनला तेल नाही दिले तर गंज चढतो. मग दुरुस्तीलाच पैसे जातात.

मला वाटते, सायकल स्वस्त असली तरी चालेल, पण ब्रेक चांगले पाहिजेत. पालकांनी पावसाळ्याआधी झिजलेले रबर बदलून द्यावे. मुलांनो, पावसात ब्रेक जरा आधीच दाबा. दर रविवारी सायकल पुसा. चेनला तेल घाला, पण रिमला लागू देऊ नका, नाहीतर ब्रेक लागणारच नाही.

— इयत्ता ४ थी