आतषबाजी पाण्यावर, माणसं काठावर

डिसेंबर लागला की पणजीच्या मांडवीतल्या आणि मुंबईच्या गेटवेवरच्या संध्याकाळच्या बोटसफरींची चौकशी मुखेड-देगलूरकडूनही सुरू होते. सूर्यास्त पाहायचा, गाणी ऐकायची आणि जमल्यास एकतीस तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला पाण्यावरून आतषबाजी पाहायची, असा बेत असतो. मुखेडला रेल्वे नाही. आधी नांदेड गाठायचे आणि मग रात्रभराचा प्रवास. एवढी यातायात करून माणसे जातात, कारण त्या दृश्यात खरोखर जादू आहे. पण ही जादू नेमकी कशात आहे, याचा विचार आपण फारसा करत नाही. माझे म्हणणे असे की ती पाण्यात आणि अंतरात आहे, बोटीत नाही. हे एकदा पटले की मराठवाड्यातल्या प्रत्येक जलाशयाबरोबर येणाऱ्या ‘बोटिंग सुरू करा, क्रूझ आणा’ या मागणीकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. रात्रीच्या आतषबाजीसाठी आपण बोट मागू नये, चांगला घाट मागावा.

पाण्यावरची आतषबाजी डोळ्यांना सुखावते याची कारणे साधी आहेत. मोकळ्या पाण्यावर घरे, झाडे, विजेच्या तारा मध्ये येत नाहीत आणि आभाळ क्षितिजापर्यंत उघडे मिळते. पाणी संथ असेल तर फुटलेले प्रत्येक फूल खाली तसेच्या तसे उमटते. वाऱ्याने बारीक लाटा उठल्या असतील तर तेच प्रतिबिंब लांबत जाते आणि रंगाचे उभे खांब आपल्या पायांपर्यंत आल्यासारखे वाटतात. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याच्या क्षारांचा निळा असे सगळे रंग दोनदा दिसतात. शिवाय अंतरामुळे उजेड आणि आवाज यांची फारकत होते. प्रकाश तत्काळ पोचतो, पण आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. आधी फूल उमलते, क्षणभर शांतता असते आणि मग घुमणारा आवाज पाण्यावरून येतो. गल्लीत कानाशी फुटणाऱ्या सुतळी बॉम्बमध्ये ही शांतता कुठून मिळणार? आता या सगळ्या कारणांत बोटीचा वाटा किती, ते पाहा. काठावर बसलेल्या माणसालाही हेच आभाळ, हेच प्रतिबिंब आणि हीच तीन सेकंदे मिळतात. उलट स्थिर पायरीवर बसलेल्याला ती अधिक नीट मिळतात, कारण बोट स्वतःच पाणी ढवळते आणि इंजिनाची घरघर त्या शांततेवर पाणी फिरवते.

महाराष्ट्राला हे शहाणपण नवे नाही. भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास चिकाटीने शोधला. त्यांच्या लेखनातून दिसते की सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पैठणच्या एकनाथांनी काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले, तेव्हा लग्नसमारंभातले दारूकाम त्यांच्या वाचकांना ओळखीचे होते. पेशव्यांच्या बखरीतले वर्णन तर फारच रंजक आहे. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतल्या दारूच्या लंकेचे वर्णन सवाई माधवरावांपुढे केले. रावण, राक्षस आणि वानर दारूकामाचे, आणि शेपटी पेटलेला मारुती लंका जाळत फिरतो, असा तो देखावा. तरुण पेशव्याने पुण्यात तसेच करायला सांगितले आणि पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री तो खेळ झाला. बखरीच्या यादीत नारळी झाड, प्रभाचमक, बादलगर्ज, हातनळे यांच्याबरोबर पाण्यावर पेटवायची पाणकोंबडीही आहे. म्हणजे दारूकाम पाण्यावर सोडण्याची कल्पना आपल्या कारागिरांना ठाऊक होती. आणि खेळासाठी जागा निवडली ती मोकळी, डोंगराच्या पायथ्याची. सगळ्यांना दिसेल आणि कुणाला भाजणार नाही, अशा जागेला दारूकामात नेहमीच मोल राहिले आहे.

आता बोटीकडे वळू. आतषबाजी पाहायला निघालेल्या बोटीचे काय होऊ शकते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण हाँगकाँगचे आहे. १ ऑक्टोबर २०१२ रोजी चीनच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी दाखवायला तिथल्या वीज कंपनीने आपले कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे ‘लामा ४’ या बोटीतून नेली. रात्री सव्वाआठच्या सुमारास, आतषबाजी सुरू होण्याआधीच, ‘सी स्मूथ’ नावाच्या नेहमीच्या प्रवासी फेरीबोटीशी तिची टक्कर झाली. बोटीचा मागचा भाग बघता बघता पाण्याखाली गेला आणि ३९ जण मेले, त्यांत लहान मुलेही होती. ठिणगी पडली नव्हती, वादळ नव्हते, बंदर जगातल्या सर्वांत शिस्तीच्या बंदरांपैकी एक होते. चौकशी आयोगाला जे आढळले ते वाचताना अंगावर काटा येतो. बोटीच्या तळातल्या दोन कप्प्यांमध्ये जो जलरोधक दरवाजा हवा होता, तो बसवलेलाच नव्हता. त्यामुळे एका कप्प्यात शिरलेले पाणी दुसऱ्यात गेले. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे बोटीवर नव्हती. वर्षानुवर्षे तपासण्या होत राहिल्या, पण तो दरवाजा नाही हे कुणाच्या लक्षात आले नाही. तिकीट काढून वरच्या डेकवर बसणाऱ्याला तळातला दरवाजा दिसत नाही. तो पूर्णपणे दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून असतो.

आतषबाजीच्या रात्री हा धोका नेहमीच्या फेरीपेक्षा वाढतो. पहिले कारण गर्दीचे. एरवी प्रवासी बोटभर पसरलेले असतात. आभाळात पहिले फूल उमलले की सगळे उठतात, शक्य तितक्या वर चढतात आणि एकाच कठड्याला खेटतात. वजन वर गेले की बोटीचा तोल नाजूक होतो आणि बाजूला गेले की ती कलते. शिकागोत १९१५ साली ‘ईस्टलँड’ नावाचे जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच असे कलंडले आणि ८४४ माणसे गेली. दुसरे कारण डोळ्यांचे. अंधाराला पुरते सरावायला माणसाच्या डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका लखलखाटात तो सराव निघून जातो. आजूबाजूच्या बोटींचे छोटे दिवे, मासेमारीची जाळी, खांब हे सारे ज्याने पाहायचे त्या तांडेलाच त्या वेळी सर्वांत कमी दिसते. तिसरे कारण परतीचे. खेळ संपला की सगळ्या बोटी एकाच क्षणी, एकाच धक्क्याकडे निघतात. आमच्याकडच्या यात्रेत शेवटच्या एसटीसाठी होणारी रेटारेटी पाण्यावर झाली तर काय होईल, तसाच तो प्रकार असतो, आणि तिथे उतरून बाजूला उभे राहायला जागा नसते.

हे परदेशातले झाले, असे म्हणायची सोय आपल्याला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी भर दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. बोटीत परवानगीपेक्षा जास्त प्रवासी होते. त्यानंतर गेटवेवर प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. त्याच वर्षी २१ मेच्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. या तिन्ही घटना दिवसाउजेडी किंवा दिवस मावळण्यापूर्वीच्या. यांपैकी एकाही ठिकाणी आतषबाजी नव्हती. त्यात अंधार, लखलखाट आणि उत्सवी गर्दी मिळवली तर हिशेब कुठे जातो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कायदा नाही असेही नाही. १९१७चा जुना कायदा रद्द करून केंद्राने २०२१मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आणला. नोंदणी, तपासणीचा दाखला, जीवरक्षक साधने हे सारे त्यात आहे. पण तो दाखला जिल्ह्यातल्या एखाद्या धरणावर कोण, किती वेळा आणि किती बारकाईने तपासणार, हा प्रश्न कायद्याच्या कागदावर सुटत नाही.

मुखेडकरांना या प्रश्नाची धार इतरांपेक्षा जास्त कळते. तालुक्यातल्या गोणेगावजवळचा लेंडी धरण प्रकल्प १९८०च्या दशकात सुरू झाला आणि महाराष्ट्र-तेलंगणाच्या पाणीवाटपात, पुनर्वसनाच्या तंट्यात रखडत राहिला. पुनर्वसनाचा वाद मिटलेला नसतानाच पाणी अडले आणि १७-१८ ऑगस्ट २०२५च्या रात्री मुसळधार पावसात हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली या गावांत पाणी शिरले. हसनाळमध्ये माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला आणि लष्कराच्या तुकडीला बाहेरून यावे लागले. ज्या तालुक्यात रात्रीच्या पुरातून माणसे काढायला बाहेरच्या बोटींची वाट पाहावी लागली, तिथे जलाशयावर पहिली बोट यावी ती बचावाची. प्रशिक्षित माणसे, तपासलेली इंजिने, गावागावांत जॅकेटे हे आधी हवे. लेंडीचे पाणी पर्यटनाला कधीच वापरू नये असे मी म्हणत नाही. विस्थापितांचे घर आधी उभे राहावे, पर्यटन नंतर, एवढा क्रम मात्र सुटू नये.

यावर एक आक्षेप हमखास येईल: सिडनीत दर नववर्षाला बंदरात शेकडो बोटी असतात, त्यांना जमते तर आपल्याला का नाही? उत्तर असे की सिडनीत त्या रात्री पाण्याचे ठरावीक पट्टे बोटींना बंद केले जातात, दारूकामाच्या तराफ्यांभोवती कुणाला फिरकू दिले जात नाही आणि पाण्यावर गस्त असते. शिवाय तिथलेही बहुसंख्य प्रेक्षक काठावरच असतात, बागेत आणि खडकांवर चटया टाकून. आपण त्यांच्याकडून काठावर बसण्याची व्यवस्था आधी शिकावी, कारण ती स्वस्त आणि लगेच जमणारी आहे.

याहून वजनदार आक्षेप घाटांबद्दलचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. गर्दीच्या घाटावर माणसे मरत नाहीत का? मरतात. आपल्याच गोदावरीवर, नाशिकच्या कुंभमेळ्यात २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले आणि १४ जुलै २०१५ रोजी राजमहेंद्रीच्या पुष्कर घाटावर किमान २७ जण. म्हणून नुसते ‘काठावर बसा’ म्हणून भागत नाही. येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा, उतारावर मधून मधून कठडे, पाण्याच्या शेवटच्या पायऱ्या रात्री बंद, आणि संख्या मर्यादेत राहावी म्हणून एकच ठिकाण न ठेवता अनेक घाट, हे सारे करावे लागेल. पण फरक असा की घाटावरची चूक दिसते आणि सुधारता येते. रुग्णवाहिका तिथे पोचते, माणूस मागे सरकू शकतो. बुडणाऱ्या बोटीत त्याला मागे सरकायला काही उरत नाही.

तिसरा आक्षेप पाण्याचाच. दारूकामातला परक्लोरेट हा क्षार पाण्यात उतरतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका तलावाची तपासणी झाली, तेव्हा ४ जुलैच्या आतषबाजीनंतर त्याचे प्रमाण नेहमीपेक्षा चोवीस पटींपासून हजार पटींपर्यंत वाढलेले आढळले आणि पूर्ववत व्हायला २० ते ८० दिवस लागले. नांदेड शहर विष्णुपुरीच्या जलाशयाचे पाणी पिते. त्यामुळे विष्णुपुरीच्या पाण्यावर दारूकाम नको, हे मला निर्विवाद वाटते. पण शहरातले नगीना घाट, बंदाघाट, गोवर्धन घाट धरणाच्या खालच्या अंगाला आहेत. समोरच्या दक्षिण काठावर, जमिनीवरून, पुरेसे अंतर राखून, मोजका आणि कमी आवाजाचा खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी तो काठ झाडून घेतला, तर नदीला होणारा त्रास खूप कमी करता येतो. मात्र खालच्या गावांनाही तीच नदी आहे, म्हणून हा खेळ वर्षातून एकदाच असावा. अंतर किती, याचा अमेरिकेत रूढ असलेला नियम सोपा आहे: गोळा उडवायच्या नळीच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला ७० फूट. सहा इंची गोळ्याला ४२० फूट झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिवाळीसाठी घालून दिलेली रात्री आठ ते दहाची वेळही मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांना सोयीची आहे.

घाटांची ही कल्पना हवेतली नाही. २००८मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडमध्ये मोठी कामे झाली, गोदाकाठही त्यात होता. दिवाळीच्या सुमारास तख्त स्नानासाठी नगीना घाटावरून गोदावरीचे पाणी सचखंड हुजूर साहिबला मिरवत नेले जाते. तेव्हा देशभरातले भाविक शहरात असतातच. काठावरचा एक चांगला खेळ त्यांनाही पाहता येईल आणि मुखेड, कंधार, लोह्याच्या कुटुंबालाही एका दिवसात परतता येईल. रोजगाराचे म्हणाल, तर बोटीचे तिकीट ठेकेदाराकडे जाते. घाटावरची भजी, चहा, रिक्षा यांचे पैसे शंभर हातांत जातात. पाणी ओळखणाऱ्या भोई समाजातल्या तरुणांना जीवरक्षक म्हणून वर्षभराचा पगार द्यावा, आणि नौकाविहार जरूर असावा, दिवसा, जॅकेट घालून, मोजक्या माणसांचा.

यंदा मांडवीवर किंवा गेटवेवर ज्यांचे बुकिंग झाले आहे, त्यांनी ते रद्द करावे असे मी म्हणणार नाही. फक्त चढण्यापूर्वी बोटीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचा आणि माणसे मोजा. मुलांच्या मापाचे जॅकेट मागा, आणि ते आसनाखाली राहू न देता मुलांच्या अंगात बांधून घ्या. आभाळ उजळले की जागेवरून उठू नका, शेजाऱ्यालाही बसायला सांगा. बोट जास्त भरलेली दिसली, जॅकेट नाही असे उत्तर आले, तर पैसे गेले तरी चालतील, खाली उतरा आणि धक्क्यावरून आतषबाजी पाहा.