चुलीजवळची भाषा आणि चावडीवरची भाषा

ज्या मुलखात चार भाषा एकत्र नांदतात, तेथे माणूस कोणती भाषा बोलतो हे त्याला कोणकोणत्या भाषा येतात यापेक्षा समोर कोण उभे आहे आणि बाजूला कोण ऐकते आहे यावर पुष्कळदा ठरते. याचा उत्तम दाखला सांगलीजवळच्या कुपवाडचा. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुमारे 3000 वस्तीच्या या गावाचे जे चित्र रेखाटले, त्यात जमीनजुमला बाळगणारे जैन व कारागीर लिंगायत घरी कानडी बोलत, मुसलमान शेतकरी उर्दू, दोर वळणारी कुटुंबे तेलुगू आणि भूमिहीन अस्पृश्य मजूर मराठी.

गावातल्या पुरुषांना यांपैकी एकाहून अधिक भाषा अवगत असूनही, परक्या जातीच्या माणसाशी व्यवहाराची गोष्ट निघाली की ते मराठीवर येत. मराठी ही शाळेची व सरकारी दप्तराची भाषा होती हे खरेच. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. मजुराने जैन मालकाशी कानडीत बोलणे ही नसती सलगी ठरली असती. उलट मराठी ज्यांच्या घरची, त्यांच्या हाती ना जमीन होती ना सत्ता, आणि म्हणूनच, मला वाटते, ती बोलण्यात कोणाचाच मान कमी होत नव्हता.

अशी शतके लोटली, आणि चारही भाषांचे शब्द निराळे राहिले तरी वाक्यांची ठेवण जवळजवळ एक झाली. पूर आल्याचे सांगताना तेथला मराठी भाषक ‘नदी आलं होतं’ म्हणे. कारण कानडीत निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच असते आणि तोच नियम त्याच्याही तोंडी बसला होता. (शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हणण्याची घाई करू नये.)

व्याकरण इतके मिसळूनही घरची भाषा कोणी सोडली नाही, कारण ज्या चुलीपाशी परक्या जातीला मज्जाव, तेथे परकी भाषाही शिरत नव्हती. आता कुपवाडला औद्योगिक वसाहत आहे आणि 1998 पासून गावाचे नाव महानगरपालिकेच्या पाटीवर आहे. जातीची बंधने तुटावीत हे इष्टच; पण कानडी आणि तेलुगू यांना घरात टिकवून धरणारा आधारही त्याच बंधनांत होता, ही अडचणीची गोष्ट भाषाभिमानाच्या सभांतून सहसा कोणी बोलून दाखवत नाही.