विष एकच, दैव मात्र दोन

काही वर्षांपूर्वीची, भातलावणीच्या दिवसांतली गोष्ट. डिंगोऱ्याच्या माझ्या दवाखान्यात आठ दिवसांच्या अंतराने दोन रुग्ण आले. दोघांनाही मण्यार चावलेली.

पहिला हमरस्त्यालगतच्या बागायतदाराचा मुलगा. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या. घरच्यांनी लगेच जीपमध्ये घालून आणले. मी त्याला तसेच पुढे मोठ्या रुग्णालयात पाठविले. वेळेवर लस मिळाली आणि मुलगा पाचव्या दिवशी घरी आला.

दुसरी माळशेजकडच्या एका वाडीवरची तरुण बाई. लक्षणे तीच. पण रात्री वाहन नाही, वाटेत चिखल. झोळीतून सडकेला आणेपर्यंत दिवस वर आला होता. माझ्याकडे पोचली तेव्हा श्वास मंदावलेला होता. पुढे नेताना वाटेतच ती गेली. लोक म्हणाले, ‘तिची वेळ भरली होती.’ मला ते आजही पटत नाही.

वाचकहो, मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. खाटेवर मच्छरदाणी लावून झोपणाऱ्याला हा धोका पुष्कळ कमी. म्हणजे गरिबीचा हात दंशाच्या आधीच लागलेला असतो. पुढचे काम अंतर करते.

देशात २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंची मोठी पाहणी झाली. तीत सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे दगावतात, असा अंदाज निघाला. हे मृत्यू जवळजवळ सगळे खेड्यांतले, आणि चारांतले तीन रुग्णालयाबाहेर झालेले. जो रुग्णालयात पोचलाच नाही, तो रुग्णालयाच्या वहीत येत नाही. वहीत जे दिसत नाही, त्याची तरतूदही मागे पडते.

सरकारी निकषांत डोंगराचा विचार आहे. सपाटीवर ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांमागे एक. पण निकष डोकी मोजतो. पावसात बंद पडणारी वाट मोजत नाही. शिवाय नुसती इमारत प्राण वाचवीत नाही. रात्री डॉक्टर हजर हवा, लस शिल्लक हवी, श्वास देण्याचे साधन हवे.

हे अशक्य नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यावर वापरली. मृत्यू शंभरात एखाद्यावर आले. गोळी स्वस्त, वापरायला सोपी. म्हणून ती लहान केंद्रातही ठेवता आली. औषध वाडीजवळ गेले की वाडीचे दैव बदलते.

आपण काय करावे?

१. दंश झालेला अवयव हलवू नका, रुग्णाला चालवू नका.

२. चिरा देणे, विष चोखणे, आवळून दोरी बांधणे, मांत्रिकाकडे नेणे हे सर्व टाळा.

३. रात्री झोपेतून उठून पोटदुखी, पापण्या जड, बोलणे अडखळणे असे दिसले, तर दंशाची खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्या.

४. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. त्यासाठी साप मारून आणण्याची गरज नाही.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली. कागद दिल्लीत झाला. आपल्या केंद्राच्या फ्रिजमध्ये काय आहे ते आपणच पाहावे लागेल. पुढच्या ग्रामसभेत उभे राहून दोन प्रश्न विचारा : लसीच्या किती बाटल्या शिल्लक आहेत? आणि रात्री दोन वाजता दार कोण उघडेल?

हे प्रश्न रस्त्यालगतच्या माणसांनीही विचारावेत. वाडीवरच्या बाईला ग्रामसभेपर्यंत येणेही लांबच पडते.