एक पाउंड सूत, लांबी ११७ मैल!

ताडोबाची सफारी बुक करताना आपला प्रश्न एकच: वाघ दिसेल ना? नागपूरहून निघालात की वाटेत वरोरा लागतं. चहा होतो, आनंदवनाची पाटी दिसते आणि गाडी पुढे. पण याच रस्त्यावर कापडाची एक जबरदस्त स्टोरी आहे.

१८६५ साली नागपूरच्या प्रदर्शनात चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, हातानं कातलेलं सूत मांडलं होतं. एक पाउंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. लांबी भरली ११७ मैल! किलोमीटरमध्ये १८८. नागपूरहून चंद्रपूर गाठून वर उरेल इतकं. गिरणीच्या हिशेबात हा जवळपास २४५ काउंट. आपल्याला १०० काउंटचा फॉर्मल शर्टही दुकानदार केवढ्या तोऱ्यात दाखवतो!

मग हे सूत गेलं कुठे? अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) मँचेस्टरचा कापूस अडला आणि साहेबांची नजर विदर्भावर पडली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांचं गणित तर अगदी उघड होतं. रेल्वे आणा, विलायती कापड स्वस्तात विका. मग इथला कापूस निर्यातीला मोकळा आणि कातणारे-विणणारे शेतमजुरीला मोकळे. हे त्यांनी सरकारी अहवालात लिहून ठेवलंय, कुजबुजत नाही! १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढच्या दशकात वरोऱ्यालाही. आधी मेली सूतकताई. विणकर तगले, पण गिरणीच्या सुतावर.

सगळं पाप इंग्रजांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, बरं का. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. नागपूरच का? कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ. म्हणजे चांद्याच्या चरख्याला हरवणाऱ्या यंत्रांसाठी कोळसा चांदा जिल्ह्यातलाच! पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणणारे महार आणि कोष्टी कुटुंबांतले कितीतरी जण तिथे पाळीवर जाऊ लागले. घरचा माग सुटला, पण महिन्याचा पगार सुरू झाला.

वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. एम्प्रेस मिल २००२ मध्ये. मिलच्या जागेवर पुढे एम्प्रेस मॉल उभा राहिला.