शितावरून भाताची परीक्षा : माती-पाण्याच्या कामांतील प्रतिकृती

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सारे पातेले उपसत नाही. एक शीत बोटांनी चेपून पाहते आणि त्यावरून सगळ्या भाताचा अंदाज तिला येतो. तथापि ही परीक्षा खरी ठरण्यास एक अट असते. चुलीची आच पातेल्यात सर्वत्र सारखी पोचलेली असली पाहिजे. तळचा भात करपलेला आणि वरचा कच्चा असेल, तर एका शिताची साक्ष फसवी ठरते.

धरणे, कालवे, बंधारे आणि शेतांची बांधबंदिस्ती ही कामे करणाऱ्या अभियंत्यांनाही अशीच परीक्षा घ्यावी लागते. महापूर कसा येतो हे पाहण्यासाठी नदीला हवा तेव्हा पूर आणता येत नाही. शेतातील माती वाहून गेल्यावर ती परत आणता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष काम हाती घेण्यापूर्वी त्याचे एक छोटे रूप तयार करून त्याच्याकडून उत्तर मिळवतात. हे रूप विटा, सिमेंट व वाहते पाणी यांचे असेल तर त्यास प्रतिकृती म्हणतात. केवळ गणिताचे असेल तर त्यास प्रतिमान म्हणतात. दोहोंचा हेतू एकच आहे आणि दोहोंना लागू असलेली अटही एकच आहे. प्रत्यक्ष नदीत व शेतात घेतलेल्या मापांशी पडताळून पाहिल्याखेरीज त्यांच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

छोटी नदी, छोटा पूर

पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ साली त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी तिचा आरंभ केला आणि १९३६ साली ती भारत सरकारकडे आली. येथे नद्या, बंदरे आणि धरणांचे सांडवे यांच्या प्रतिकृती रचून त्यांतून पाणी सोडतात आणि त्याचा वेग, खोली व मारा मोजतात. तमिळनाडूत पूंडी, कर्नाटकात कृष्णराजसागर, उत्तराखंडात बहादराबाद आणि महाराष्ट्रात नाशिक येथेही अशा प्रयोगशाळा आहेत.

प्रतिकृतीतील पाणी किती सोडावे, याचाही नियम आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून तो एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणला. लांबी, रुंदी व उंची शंभरपट लहान केली, तर पाण्याचा वेग शंभरपट नव्हे, दहापटच कमी धरावा लागतो. काळही दहापट आखूड होतो. नदीत चोवीस तास चाललेला पूर प्रतिकृतीत दोन तास चोवीस मिनिटांत ओसरतो. पाण्याचा प्रवाह मात्र एक लाखपट घटतो. नदीतून सेकंदाला १०,००० घनमीटर पाणी जात असेल, तर प्रतिकृतीत सेकंदाला १०० लिटर पुरतात. एवढे पाणी एका मोठ्या नळातून सहज सोडता येते. सांडव्याच्या पायथ्याशी पाणी कसे उसळेल, काठ कोठे खचेल, दरवाजे कोणत्या क्रमाने उघडावेत, हे सारे त्यावरून कळते.

परंतु सर्वच गोष्टी एका मापाने लहान होत नाहीत. वाळूचा बारीक कण एक-पंचमांश मिलिमीटर जाडीचा असतो. तो शंभरपट लहान केला तर ती वाळू राहत नाही, चिकणमाती होते आणि तिचे कण एकमेकांना चिकटू लागतात. म्हणून गाळाने भरलेल्या नदीची प्रतिकृती करताना वाळूऐवजी कोळशाच्या भुकटीसारखा हलका पदार्थ वापरावा लागतो, किंवा लांबी-रुंदीला एक प्रमाण आणि खोलीला दुसरे प्रमाण घ्यावे लागते. ऑसबर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली मँचेस्टर येथे मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती केली, तेव्हा आडवे प्रमाण ३१,८०० ला एक आणि उभे प्रमाण ९६० ला एक असे ठेवले होते. त्या छोट्या खाडीतील भरती-ओहोटीचा फेरा पाऊण मिनिटाच्या आत पुरा होई. अशी प्रतिकृती आधी नदीचा मागील इतिहास बरोबर वठवते की नाही हे पाहतात. गेल्या काही वर्षांत जेथे वाळूचे दांडे पडले, तेथेच ते प्रतिकृतीतही पडले, तरच पुढील भाकितासाठी ती विश्वासार्ह समजतात.

विजेने दाखविलेला झिरपा

पाण्याचे काम पाण्यावाचूनही अभ्यासता येते, हे आपल्या देशातील एका प्रसिद्ध संशोधनाने दाखवून दिले. नदीच्या वाळूवर बंधारा बांधला की त्याच्या तळाखालून पाणी झिरपत राहते. तो झिरपा जोरदार झाला तर वाळू निसटते आणि बंधारा खचतो. १९१० च्या सुमारास ब्लाय या अभियंत्याने मांडलेला सिद्धांत असा होता की, पाणी बांधकामाच्या तळाला लागून सरकते आणि जितका मार्ग चालावा तितका त्याचा दाब सारख्या प्रमाणात कमी होतो. गणित सोपे होते आणि त्यावर अनेक कामे झाली.

१९२६-२७ च्या सुमारास पंजाबातील अपर चिनाब कालव्यावर, त्या सिद्धांतानुसार बांधलेली काही कामे बिघडू लागली. अयोध्यानाथ खोसला यांनी बांधकामाच्या फरशीत नळ्या बसवून तळाखालचा दाब प्रत्यक्ष मोजला. तो ब्लाय यांच्या गणिताशी जुळेना. मग नवे गणित मांडण्यात आले आणि त्याच्या पडताळणीस विजेची प्रतिकृती उपयोगी पडली. जमिनीतून झिरपणारे पाणी आणि वाहकातून जाणारी वीज एकाच प्रकारचा गणिती नियम पाळतात. म्हणून क्षारयुक्त पाण्याच्या उथळ तबकात बंधाऱ्याच्या जागी वीज न वाहणारा तुकडा ठेवतात, दोन बाजूंना विजेचा दाब लावतात आणि सुईने ठिकठिकाणी तो मोजतात. विजेचा दाब म्हणजेच पाण्याचा दाब, असे समजून नकाशा तयार होतो. खोसला, बोस आणि मॅकेन्झी टेलर यांचा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. झिरपलेले पाणी बंधाऱ्याच्या खालच्या टोकाशी जेथे बाहेर पडते, तेथील त्याचा वर उचलणारा जोर हाच खरा धोका असतो आणि तेथे खोल भिंत घातलीच पाहिजे, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. वाळवंटी पात्रांवरील बंधाऱ्यांची रचना त्यानंतर बदलली. फरशीत बसविलेल्या काही नळ्यांनी एक सर्वमान्य सिद्धांत मागे सारला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मातीचा हिशेब

शेतातील धूप धरणाइतकी डोळ्यांत भरत नाही. १९३० नंतरच्या दशकात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची केंद्रे निघाली. सोलापुरास उतारावर वाफे आखून त्यांतून वाहून जाणारे पाणी व माती मोजण्याचे काम झाले. अमेरिकेतही असेच वाफे होते. ७२.६ फूट लांब व ६ फूट रुंद असा एक वाफा म्हणजे बरोबर एक एकराचा शंभरावा भाग. अशा वाफ्यांवरील दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांच्या नोंदी एकत्र करून विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली धुपीचे एक सूत्र प्रसिद्ध केले. त्यात सहा घटकांचा गुणाकार आहे : पावसाचा मारा, मातीची धूप होण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संरक्षणाचे उपाय. पाऊस बदलणे आपल्या हाती नाही. परंतु बांध घालून उताराची लांबी तोडता येते आणि जमीन पिकाने झाकता येते, हे शेतकऱ्यास त्यातून आकड्यांनी दिसते.

या सूत्राच्या साह्याने व मोजलेल्या नोंदींच्या आधारे देहरादून येथील मृदसंधारण संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८३ साली साऱ्या देशाचा हिशेब मांडला. दर वर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी सरासरी १६ टनांहून थोडी अधिक, असे त्यांना आढळले. हेक्टरभर पसरली तर ही सव्वा मिलिमीटर जाडीची साय होते. त्यांपैकी सुमारे २९ टक्के माती समुद्रात जाते आणि १० टक्के जलाशयांच्या तळाशी बसते. मात्र या सूत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते अनेक वर्षांची सरासरी देते, एका वादळी पावसाची नव्हे; आणि चंबळच्या खोऱ्यातील घळींसारखी खोल धूप त्याच्या कक्षेत येत नाही.

पाऊस आणि पूर

पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाईल, हा दुसरा नित्याचा प्रश्न. शेततळे किती मोठे खणावे, रस्त्याखालची मोरी किती रुंद ठेवावी, हे त्यावर ठरते. यासाठी वक्रांक नावाची पद्धत सर्वत्र वापरतात. जमिनीस शंभरपैकी एक अंक देतात; जमीन जितकी उघडी व कठीण, तितका अंक मोठा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमिनीचा अंक ८० असला, तर सुमारे ५० मिलिमीटर पाणी वाहून जाते. तीच जमीन गवत-झाडोऱ्याने झाकून अंक ६० वर आला, तर सुमारे १९ मिलिमीटरच जाते. शंभर हेक्टरांच्या पाणलोटात हा फरक तीस हजार घनमीटरांहून अधिक भरतो. आपल्या काळ्या जमिनीत मात्र या पद्धतीत दुरुस्ती करावी लागली. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिला पाऊस पिऊन टाकते आणि भाद्रपदात तीच फुगून पाणी लोटू लागते.

अशा हिशेबावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेतील मच्छू-२ हे धरण फुटून मोरवी शहर बुडाले आणि मोठी मनुष्यहानी झाली. सांडव्याची रचना ज्या पुरासाठी केली होती, त्याच्या सुमारे तिप्पट पूर त्या दिवशी आला होता. आलेला पूर हिशेबातल्या पुरापेक्षा एवढा मोठा असेल, तर भक्कम बांधकामही टिकत नाही. १९८५ साली रचनेसाठी कोणता पूर धरावा याविषयी भारतीय मानक ठरले. मोठ्या धरणांसाठी शक्य असलेला सर्वांत मोठा पूर धरावा, असे त्यात सांगितले आहे. २०२१ साली धरण सुरक्षेचा कायदा झाला.

आज पुष्कळशी प्रतिमाने संगणकावर चालतात. साऱ्या खोऱ्याचे पाणी, गाळ व पिके यांचा हिशेब ‘स्वॅट’ करते, तर भूजलाचा प्रवास ‘मॉडफ्लो’ मांडते. उपग्रहांची चित्रे हाताशी आहेत. तरीही संगणकास पावसाचे आकडे द्यावे लागतात, आणि त्याचे उत्तर बरोबर आहे की नाही हे शेवटी नदीवरील मोजपट्टी व विहिरीतील पाण्याची पातळीच सांगते.

हे काम आपल्या घरापासूनही सुरू करता येते. सरळ कडांचा, सपाट बुडाचा एक डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी आठ-साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरांच्या छपरावर पन्नास लिटर. महिन्यातून एकदा विहिरीची पातळी दोरीने मोजून तीही वहीत टिपावी. मुलांकडे हे काम सोपविले तर ती आनंदाने करतात. शाळेने वा ग्रामपंचायतीने अशी वही वीस वर्षे न चुकता राखली, तर गावच्या तळ्याचा, बंधाऱ्याचा किंवा नाल्यावरील पुलाचा विचार करणाऱ्या अभियंत्यास दूरच्या गावाचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत.